परिपाकाचा कर्ता

महाभारताच्या वनपर्वात यक्षाने धर्मराजाला ‘वार्ता कोणती’ असे विचारले तेव्हा धर्मराजाने काळाला स्वयंपाक्याचे रूप दिले: मोहमय जगाच्या कढईत, सूर्याच्या अग्नीवर, दिवसरात्रींचे सरपण घालून, महिने आणि ऋतू यांच्या पळीने ढवळत काळ सर्व भूतांना रांधतो आहे. लहानपणी कीर्तनात ऐकलेले हे रूपक मी इतकी वर्षे निःशंकपणे सत्य मानीत आलो होतो. परंतु काळ खरोखरच काही शिजवतो, की शिजणे हे पदार्थाचे आणि काळ हे त्या शिजण्याला आपण दिलेले नुसते नाव, हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला तो कोणत्याही ग्रंथामुळे नव्हे, तर चिरुटांच्या एका पेटीमुळे.

माझे थोरले मामा मुंबईच्या गोदीत कारकून होते. ते सेवानिवृत्त झाले त्या दिवशी एका परदेशी जहाजाच्या कप्तानाने त्यांना ही पेटी नजर केली. आणि जन्मात तंबाखूला न शिवलेल्या मामांनी, प्रेमाने दिलेली वस्तू परत करणे बरे नव्हे म्हणून ती पुण्याच्या घरी आणून शिसवी कपाटात ठेवून दिली. त्यांच्या पश्चात, म्हणजे ठेवल्यापासून एकोणीस वर्षांनी, मामींनी ती माझ्यासमोर उघडली. आत २५ चिरूट होते. बावीस सेलोफेनच्या वेष्टनात होते, आणि मुळात काचेसारखे स्वच्छ असलेले ते वेष्टन आतल्या पानांचे तेल पिऊन मधाच्या रंगाचे झाले होते. उरलेल्या तिघांची वेष्टने पूर्वी कधीतरी घरातल्या मुलांनी खेळण्यासाठी काढून घेतली होती. बावीसांतील एक मी उचलला; तो सुकलेला होता, पण अखंड होता, आणि वेष्टन सोडताच जुन्या लाकडाचा व सुक्या मनुकांचा संमिश्र वास दरवळला. उघड्या तिघांपैकी एकाला मामींचे बोट लागले मात्र, त्याचे पापुद्रे सुटून तळाशी तपकिरी चुरा पडला.

मामी म्हणाल्या, “अरे, सगळे एकाच दिवशी ठेवलेले ना? मग यांचंच असं का झालं?”

मला वाटते, वस्तू कशामुळे पालटते, हा परिणामवादाचा सारा प्रश्न त्या एका वाक्यात आला.

ज्या क्यूबा बेटात चिरूट मुरवण्याची विद्या परिपूर्णतेला गेली, तेथे, पिनार देल रिओ प्रांतातील व्हुएल्ता आबाखो या टापूत, तंबाखूचे पान शेतातून निघाल्यापासून धुरात विरेपर्यंत एका आवरणातून दुसऱ्या आवरणातच वावरत असते. प्रथम ते काठ्यांवर ओवून अंधाऱ्या कोठारात सुकवतात. मग त्याचे ढीग रचतात, आणि विस्तवाचा स्पर्शही नसता त्या ढिगांच्या पोटात इतकी उष्णता साठते की ती मर्यादेपलीकडे जाऊ लागताच ढीग मोडून पुन्हा रचावे लागतात. अमोनियाचा उग्र दर्प तेथेच बराचसा निघून जातो. बाहेरच्या वेष्टनाची नाजूक पाने राजताडाच्या खोडाला लपेटलेल्या विरीत बांधून मुरवतात. आपल्या कोकणातल्या पोफळीच्या विरीचीच ती थोरली बहीण म्हणावी. वळलेल्या चिरुटातही पुन्हा तीन थर: पोटातली पाने, त्यांना आवळून धरणारे पान आणि सर्वांवर देखणे वेष्टन. मग कारखान्याच्या थंड खोलीत काही आठवडे विश्रांती, आणि अखेरीस ज्याला स्पॅनिश देवदार म्हणतात त्या लाकडाची पेटी. वस्तुतः तो देवदारही नव्हे आणि स्पेनचाही नव्हे. तो अमेरिका खंडातला, आपल्या कडुनिंबाच्या कुळातला वृक्ष आहे. हे वाचले तेव्हा मला आजीची ट्रंक आठवली, शालूच्या घडीत ती कडुनिंबाचा पाला ठेवीत असे.

या बंदोबस्ताचे मर्म असे की कोणतेही आवरण पूर्ण बंद नाही आणि पूर्ण उघडे नाही. हवेतील आर्द्रता शेकडा ६५ ते ७० आणि उष्णता २० अंशांच्या जवळपास राहिली तर आतली तेले हळूहळू एकमेकांत मुरतात. उष्णता फार वाढली तर पानात दडलेली तंबाखूच्या किड्याची अंडी फुटून वेष्टनाला सुईच्या अग्राएवढी भोके पडतात. सेलोफेन हा वनस्पतींच्या तंतुद्रव्यापासूनच, विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रांडेनबर्गर या स्विस रसायनज्ञाने शोधलेला पदार्थ. त्यातून पाण्याची वाफ आतबाहेर जाऊ शकते, परंतु सावकाश. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधणाऱ्या आपल्या गृहिणींना हा सावकाशपणा शिकवावा लागला नव्हता.

वैशेषिक म्हणतात की काळ हा एक, नित्य आणि विभू असून उत्पन्न होणाऱ्या यच्चयावत् वस्तूंचे साधारण निमित्तकारण आहे. असेल, पण जे सर्वांना साधारण आहे ते बावीसांत एक आणि तिघांत दुसरे असा पक्षपात कसा करील? मडके भट्टीत भाजताना त्याचे परमाणू सुटे होऊन पालटतात, असे वैशेषिकांचे पीलुपाकाचे मत. नैयायिक पिठरपाक मानतात, म्हणजे मडके सच्छिद्र असल्याने अग्नी आत शिरतो आणि न मोडता अख्खे मडकेच पालटते. या वादात माझा कौल नैयायिकांकडे आहे, कारण पक्व झालेला चिरूट मी अखंड पाहिला, आणि जो परमाणूंच्या वाटेला लागला तो पक्व झालेला नव्हता. योगसूत्रांचे भाष्यकार व्यास तर याहून पुढे जातात: क्षण खरा, परंतु काळ ही बुद्धीने रचलेली, वस्तुशून्य गोष्ट. मामींच्या प्रश्नाला मला सापडलेले सर्वांत प्रामाणिक उत्तर हेच आहे. एकोणीस वर्षांनी काहीही केले नाही. जे केले ते वाफेने, तेलाने आणि त्या दोहोंना बेताने वाट देणाऱ्या कागदाने.

तरीही याच भाष्यावरील वाचस्पतिमिश्रांच्या टीकेतील एक दृष्टान्त मला स्वस्थ बसू देत नाही. शेतकऱ्याने कोठारात प्रयत्नपूर्वक राखलेले भातसुद्धा, पुष्कळ वर्षे लोटली की, हाताच्या नुसत्या स्पर्शाने विशीर्ण होते, असे ते म्हणतात. म्हणजे वेष्टनाने मुदत वाढते, माफी मिळत नाही. चांगल्यात चांगल्या चिरुटाचाही सुगंध दशकांमागून दशके ओसरत जातो. मग राखण्याचा अट्टाहास का? आणि तोही अशा वस्तूसाठी, की जिचे सार्थक राख होण्यात आहे आणि जी मी स्वतः ओठांना लावणार नाही? वाचस्पतिमिश्रांच्या दृष्टान्तात माझे लक्ष दरवेळी चुऱ्याकडे न जाता ‘प्रयत्नपूर्वक’ या शब्दाकडे जाते. त्या शेतकऱ्याला भात कुजेल हे ठाऊक नव्हते असे नाही; तरी त्याने कोठार सारवले, आणि टीकाकारानेही विनाशाचा सिद्धान्त मांडताना त्याचे श्रम वगळले नाहीत. मामांनी ती भेट ज्या भावनेने ठेवली तिला मी धर्मच म्हणेन, मग ठेवलेली वस्तू काहीही असो.

मामींनी तिघांचा चुरा सुपात गोळा करून परसातल्या गुलाबाच्या मुळाशी घातला. बावीस चिरूट पुन्हा ओळीने लावले, मामांच्या जुन्या धोतराचा तुकडा पेटीभोवती दोनदा लपेटला, घडीत कडुनिंबाच्या दोन डहाळ्या खोवल्या आणि पेटी कपाटाच्या त्याच कप्प्यात ठेवून दिली.