पाहणाऱ्याचा वाटा

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी इंदूरजवळच्या देपालपूर तहसिलीतल्या गौतमपुऱ्यात माणसं एकमेकांवर जळती फळं फेकतात. ही फळं हिंगणबेटाची. तिकडे त्यांना हिंगोट म्हणतात. आकार लिंबाएवढा, कवच मात्र भलतंच टणक. आतला गर कोरून काढायचा, फळ उन्हात वाळवायचं, सोरा-गंधक-कोळशाची दारू ठासायची, तोंड पिवळ्या मातीनं लिंपायचं आणि नेम भरकटू नये म्हणून बांबूची काडी बांधायची. दिवस कलला की गौतमपुऱ्याचा ‘तुर्रा’ आणि शेजारच्या रुणजीची ‘कलंगी’ असे दोन गट देवनारायणाचं दर्शन घेऊन मैदानात समोरासमोर उभे राहतात. एका हातात ढाल, खांद्याला हिंगोटांची झोळी. मग अंधारात आग उडू लागते. या लढाईत कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. माणसं मात्र दरवर्षी भाजतात, आणि २०१७ साली एका तरुणाचा जीवही गेला.

देपालपूरच्या कॉलेजात मी संस्कृत शिकवत असे. इंदूरहून बसनं यायचं, संध्याकाळच्या बसनं परतायचं. वर्गात गौतमपुऱ्याकडची मुलं असत. एकदा त्यांच्याच आग्रहावरून हिंगोट पाहायला गेले. प्रेक्षकांसाठी जाळ्या लावलेल्या होत्या, पलीकडे अग्निशमनाचा बंब आणि रुग्णवाहिका. माझ्या आजूबाजूला उभी असलेली बरीच मंडळी इंदूर-उज्जैनहून गाड्या करून आलेली. हिंगोट हवेतच विझला की ती हळहळायची आणि कुणाच्या अंगावर जाऊन फुटला की ओरडायची. त्या ओरडण्यात आनंद होता.

पुढच्या आठवड्यात वर्गात एका मुलानं विचारलं, “मॅडम, आमचे लोक देवाचं नाव घेऊन लढतात, तो त्यांचा हिशोब. पण जो नुसता बघतो, त्याच्या खात्यावर काय?”

माझ्या मते ग्रामीण पर्यटनाचा प्रश्न खरा इथूनच सुरू होतो. शाश्वत विकास म्हटलं की आपण पाणी, कचरा, रोजगार यांचा हिशोब मांडतो. तो हवाच. पण गावात येऊन पाहणारा माणूस नैतिकदृष्ट्या कोण, हे ठरवल्याशिवाय त्या हिशोबाला बूड नाही.

आपल्याकडे यावर विचार झालेला आहे. पतंजलीच्या योगसूत्रांत हिंसेचे प्रकार सांगताना कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन धरले आहेत: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि दुसऱ्यानं केलेली पाहून मान डोलावलेली. जैन आचारशास्त्रात तर हा त्रिविध विचार पायाशीच आहे. आणि योगायोग पाहा, ज्या तहसिलीत हिंगोट पेटतो, तिथेच तलावाकाठी बनेडियाचं दिगंबर जैन अतिशय क्षेत्र आहे, अजितनाथांचं. हे मंदिर मंत्रबळानं आकाशातून आलं, त्याला पायाच नाही, अशी आख्यायिका भाविक सांगतात. तिथे येणारा यात्रेकरू सूर्यास्तानंतर जेवत नाही. हा नियम त्याला पर्यटन खात्यानं लावलेला नाही, तो घरूनच घेऊन येतो. गौतमपुऱ्याच्या जाळीमागे उभा असलेला माणूस घरून कोणताच नियम घेऊन येत नाही. त्याच्याकडे फक्त तिकिटाचे पैसे आणि फोन असतो, आणि गौतमपुऱ्यात तर तिकीटही नसतं.

यावर माझ्या एका सहकाऱ्यानं वेदान्त पुढे केला. म्हणाले, “प्रेक्षक म्हणजे साक्षी. साक्षीला कर्म चिकटत नाही.” पण साक्षीला काही घडावं अशी इच्छा नसते. हिंगोट कुणावर तरी फुटावा अशी ज्याची इच्छा आहे, तो साक्षी कसला? ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत प्रकृती नर्तकीसारखी आहे. प्रेक्षकानं पाहिलं की तिचं काम संपतं आणि ती थांबते. पर्यटनात नेमकं उलटं होतं. पाहणारे वाढले की नाचणाऱ्याला दरवर्षी जास्त नाचावं लागतं. पूर्वी गावापुरती असलेली आग कॅमेऱ्यापुढे मोठी व्हावीशी वाटू लागते. ज्या लढाईत जिंकणं-हरणं नव्हतं, म्हणजे जिला फळच नव्हतं, तिला प्रसिद्धीचं फळ लागतं. शिवाय हिंगणबेटाची झाडं कमी होत चालली आहेत, फळं आणायला लांब जावं लागतं, असं तिथले लोक सांगतात. झाड, अंग आणि श्रद्धा, तिन्ही झिजतात, आणि पाहणारा मात्र रात्री जेवायला घरी पोचतो.

म्हणून हिंगोट बंद करा, असं मी म्हणत नाही. ते ठरवायला गाव आहे, न्यायालय आहे. कृत ज्याचं, त्याला त्याचं उत्तर द्यायचं आहे. मला बोलायचं आहे ते उरलेल्या दोन वाट्यांबद्दल.

कारित म्हणजे करवणारा. पुण्यालाही हीच त्रयी लागू पडते, आणि गौतमपुऱ्याला हे सांगायला बाहेरून कुणी यायला नको. हे गाव मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावाचं. १७३४ मध्ये पेशव्यांनी त्यांना खासगीची जहागीर लावून दिली. सरकारी तिजोरीहून वेगळी असलेली ही खासगी पुढे त्यांच्या सुनेकडे, अहिल्याबाईंकडे आली. अहिल्याबाईंनी देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रं उभारली ती मुख्यतः या खासगीतून. माझे पूर्वज होळकरांच्या पदरी कारकून होते, त्यामुळे घरात अहिल्याबाईंच्या गोष्टी पुरेपूर ऐकल्या. पण त्या कामांकडे पर्यटनाची रचना म्हणून पाहायला मी फार उशिरा शिकले. बाईंनी यात्रेकरूची तहान, भूक आणि निवारा भागवला. त्याला दाखवायला तमाशा उभा केला नाही. करवणारा काय करवतो, यावर येणारा कसा वागतो हे बरंचसं ठरतं. घाट बांधला तर माणूस आंघोळ करून हात जोडतो. मंच बांधला तर टाळ्या वाजवतो.

आजचा करवणारा म्हणजे शासन. त्याच्या हातात चांगलं काही नाही असंही नाही. ओरछ्याजवळच्या लाडपुरा खासमध्ये सरकारी योजनेतून पाहुणे गावातल्या घरांत राहतात, बायका रांधून वाढतात, पैसा त्याच घरात राहतो. पाहुणा चुलीजवळ बसला की त्याला घराचे नियम पाळावेच लागतात. माझ्या लेखी त्या योजनेचं खरं बळ रोजगारापेक्षा यात आहे. २०२८ साली उज्जैनला सिंहस्थ आहे. त्या गर्दीचा लोट देपालपूरपर्यंत येणार हे उघड आहे. तेव्हा या तहसिलीत घाट बांधायचे की मंच, हे आधी ठरवायला हवं.

अनुमोदित हा वाटा आपला, येणाऱ्यांचा. बहुतेकांना तो हलका वाटतो. मला तो सगळ्यांत वजनदार वाटतो, कारण त्यात बाजार दडलेला आहे. आपण ज्याला मान डोलावतो, ते उद्या जास्त होतं. मग मान कुठे डोलवायची? इंदूरहून देपालपूरकडे निघालं की वाटेत यशवंत सागर लागतो, गंभीर नदीवर होळकरांच्या काळात बांधलेला. इंदूरला त्याचं पाणी मिळतं, आणि २०२२ पासून तो रामसर स्थळांच्या यादीत आहे. तिथे सारस राहतात. माणसाएवढा उंच हा पक्षी उथळ पाण्यात, शेताच्या दलदलीच्या कडेला घरटं करतो. ते टिकतं की मोडतं, हे शेतकऱ्याच्या नांगरावर अवलंबून असतं. एखाद्यानं घरट्याभोवतीचा तुकडा तसाच सोडला तर त्याचं नुकसान होतं आणि ते कुणाला दिसतही नाही. त्याला टाळ्या मिळत नाहीत.

माझ्या वर्गातल्या त्या मुलाला मी तेव्हा सूत्र सांगितलं, परीक्षेपुरतं. आज त्यानं विचारलं तर सांगेन: बघणाऱ्याच्या खात्यावर इच्छा जमा होते. तो ज्याची इच्छा करून गाडी काढतो, त्यासाठी पेट्रोलचे पैसे देतो, त्याचे फोटो चारशे जणांना पाठवतो, ते त्याचं कर्म. हिंगोट पाहायला जाणाऱ्यानं निघण्याआधी स्वतःला एवढं विचारावं की कुणीच भाजलं नाही तर आपला हिरमोड होईल का. उत्तर हो असेल तर घरी बसणं हाच धर्म. आणि तोच पैसा, तीच सुट्टी त्या सारसवाल्या शेतकऱ्याच्या ओसरीवर खर्च करावी, त्याच्या हातची दाल-बाटी खाऊन, सोडलेल्या तुकड्याची भरपाई म्हणून बिलापेक्षा थोडं जास्त देऊन. अनुमोदनाला पाप लागतं हे शास्त्रकारांनी सांगितलंच आहे; मग त्याच न्यायानं त्याला पुण्यही लागायला हवं.