पाव हिस्सा

सकाळच्या या वेळी बऱ्याच घरांत ओट्यावरचा रेडिओ आणि शेगडीवरचा चहा एकदमच सुरू होतात. म्हणून आज चहापासूनच सुरुवात करते.

माझी आई चहात दोन चमचे साखर घ्यायची. रक्तातली साखर वाढल्याचं कळलं, त्याच संध्याकाळी तिने साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवला. तीन दिवस बिनसाखरेचा चहा कसाबसा घशाखाली उतरवला. चौथ्या दिवशी डबा खाली आला आणि पुन्हा दोन चमचे. "माझ्याच्याने नाही होणार," म्हणाली.

पुढे तिने वेगळी वाट धरली. गोळ्या चालू होत्याच. पण दुसरा चमचा ती अर्धाच भरू लागली. पंधरा-वीस दिवसांत जिभेला दीड चमचा पुरेसा गोड लागायला लागला. मग एक. दिवाळीनंतर सुरुवात केली होती, होळीपर्यंत अर्ध्या चमच्यावर आली.

तिला ठाऊक नव्हतं, पण ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सांगितलंय, की अंगवळणी पडलेलं अहितकर एका झटक्यात टाकू नये. पाव हिस्सा सोडावा आणि त्या जागी पाव हिस्सा हितकर धरावं. मला यातलं 'त्या जागी' फार मोलाचं वाटतं. चार वाजता बिस्किटांचा पुडा फोडायची सवय असेल, तर त्या वेळी हाताशी मूठभर फुटाणे हवेत. नाहीतर हात पुड्याकडेच जाणार.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांचा अभ्यास केला. प्रत्येकाने एकच साधी गोष्ट निवडली, जसं दुपारच्या जेवणाबरोबर एक फळ, आणि ती रोज ठरल्या वेळी केली. ती आपसूक होऊ लागायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. मधे एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडली नाही. आपण मात्र लग्नात दोन जिलब्या खाल्ल्या, की 'आता सोमवारपासून' म्हणतो. सोमवार कशाला? रात्रीचं जेवण आहेच की.

आता थोडं, या क्षणी पोळ्या लाटत ऐकणाऱ्या मैत्रिणींसाठी. सगळ्यांचे डबे भरले की कढईच्या तळाशी उरेल ती भाजी, कालची पोळी, आणि तेही उभ्याउभ्याने. माझी आई वर्षानुवर्षं अशीच जेवली. साखर कमी करू लागली त्या दिवसांत मी एक नवी गोष्ट पाहिली. डबे भरायच्या आधी ती एक वाटी भाजी आणि थोडी कोशिंबीर बाजूला काढून त्यांवर झाकण ठेवायची. सगळे गेले, की पान वाढून घेऊन बसून जेवायची. तिची सवय टिकली ती त्या झाकलेल्या वाटीमुळे, असं मला मनापासून वाटतं. ज्या बाईला घरात उरलंसुरलंच मिळतं, तिचं पथ्य कशाच्या आधारावर टिकणार?

तेव्हा आज एवढंच करा. डबे भरण्याआधी पहिली वाटी स्वतःची काढा. आणि घरातलं दुसरं कुणी हे ऐकत असेल, तर ती वाटी त्याने काढावी, वर झाकण ठेवावं, आणि तिला सांगावं, "ही तुझी."