खुर्चीशेजारी उभ्या मुलीचा हिशेब

इंदूरमध्ये पलासियापासून अन्नपूर्णापर्यंत कुठल्याही रस्त्याने जा, दाताच्या दवाखान्यांच्या पाट्या दिसतात. आत खुर्चीच्या एका बाजूला डॉक्टर असतात आणि दुसऱ्या बाजूला एक मुलगी उभी असते. सक्शनची नळी ती धरते, सिमेंट ती कालवते, मापाचा ट्रे भरून देते, पेशंट उठला की हत्यारं धुऊन निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हमध्ये लावते आणि मधेच फोन उचलून पुढची वेळ देते. बहुतेक वेळा ती बारावी झालेली असते, आणि घरी तिच्या कमाईची गरज असते. अशा मुलींना हल्ली सगळे एकच सांगतात: डेंटल असिस्टंटचा कोर्स कर, नोकरी पक्की.

हे सांगण्याआधी कागद-पेन घेऊन बसायला हवं. समजा, कोर्स एक वर्षाचा आहे आणि फी 40,000 रुपये आहे. घरच्यांना दिसते ती एवढीच रक्कम. पण त्याच वर्षी मुलगी थेट दवाखान्यात लागली असती आणि महिना 8,000 मिळाले असते, तर बुडालेले 96,000 कोण मोजणार? खरा खर्च 1,36,000 झाला. कोर्सनंतर पगार 2,000 रुपयांनी जास्त मिळाला, तर ही रक्कम भरून यायला 68 महिने लागतील, म्हणजे साडेपाच वर्षांहून अधिक. फरक 5,000 चा असेल तर सव्वादोन वर्षांत हिशेब जमतो. त्यातही, जी मुलगी वर्षभर आधी कामाला लागली तिचा हात तोवर बसलेला असतो आणि तिचाही पगार थोडा वाढलेला असतो. आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत. प्रत्येकाने आपले घालावेत. पण सगळा निर्णय एकाच आकड्यावर अडतो: या कोर्समधून मागच्या वर्षी बाहेर पडलेल्या मुली आज किती कमावतात? माहितीपत्रकात फी असते, फोटो असतात, 'शंभर टक्के प्लेसमेंट' असते. हा आकडा नसतो.

तो मागण्याचा अधिकार असावा, हा विचार नवा नाही. अमेरिकेत सरकारी कर्जावर चालणाऱ्या अशा प्रमाणपत्र अभ्यासक्रमांसाठी 2014 साली नियम झाला: विद्यार्थ्याचा वर्षाचा कर्जहप्ता त्याच्या कमाईच्या फार तर 8 टक्के असावा, किंवा गरजा भागल्यावर उरणाऱ्या कमाईच्या 20 टक्के. 2019 मध्ये तो नियम रद्द झाला आणि 2023 मध्ये नव्या रूपात परत आला. त्यावर तिथे कितीही भांडणं झाली असोत, फी घेणाऱ्याने कमाईचं उत्तर द्यावं, हे तत्त्व मला पटतं.

आपल्याकडे दंतवैद्यकाच्या फीचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि तो इंदूरमधूनच गेला. मॉडर्न डेंटल कॉलेज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 2 मे 2016 रोजी निकाल दिला. खासगी व्यावसायिक महाविद्यालयांचे प्रवेश आणि फी यांवर नियंत्रण ठेवणारा राज्याचा 2007 चा कायदा न्यायालयाने उचलून धरला. संस्थेने वाढीपुरती वाजवी शिल्लक ठेवावी, पण शिक्षणात नफेखोरी चालणार नाही, असं ठरलं. त्यामुळे बीडीएस ही दंतवैद्यकाची पदवी घेणाऱ्याच्या मागे फी ठरवणारी समिती उभी राहिली. एखाद्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर सहा महिन्यांचा, वर्षाचा कोर्स घेणाऱ्या मुलीच्या मागे असं कोणी नाही. 1948 च्या दंतवैद्य कायद्याने दंतवैद्य, डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक यांच्या नोंदणीची सोय केली. साहाय्यिकेसाठी त्यात नोंदवही नव्हती. म्हणूनच प्रमाणपत्र नसलेली मुलगीही उद्या कामाला लागू शकते, आणि असलेलीला त्याचा भाव मिळेलच असं नाही.

मग शिक्षण नकोच का? हवं, आणि तेही नीट हवं. ऑटोक्लेव्ह 121 अंशांना किमान 15 मिनिटं चालावा लागतो. घाईच्या दिवशी तो आधी उघडला तर पुढच्या पेशंटच्या तोंडात काय जाईल, हे तिला कळायला हवं. वापरलेली सुई टोचली तर हेपॅटायटिस बी होऊ शकतो, हेही पहिल्याच दिवशी कळायला हवं. पण या शिक्षणाचा लाभ कोणाला होतो ते पाहा. पेशंट सुरक्षित राहतो, डॉक्टरांचं नाव राखलं जातं, तासाला एक पेशंट जास्त होतो. खुर्चीभोवतीच्या या तिघांत सर्वांत कमी कमावते ती मुलगी, आणि शिक्षणाचं बिल मात्र तिच्या आईच्या बांगड्या गहाण ठेवून भरलं जातं. हा व्यवहार मला अन्यायाचा वाटतो.

कायदाही निम्मा तिच्याच बाजूने आहे. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार कर्मचाऱ्यांना कामावर घेताना आणि नंतर दरवर्षी प्रशिक्षण देणं, तसंच हेपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं ही दवाखाना चालवणाऱ्याची जबाबदारी आहे. हे नियम छोट्या क्लिनिकलाही लागू आहेत. शिकणाऱ्याला पैसे द्यावेत, हेही सरकारने मान्य केलं आहे: 2023 मध्ये मध्य प्रदेशात 'मुख्यमंत्री सीखो कमाओ योजना' आली, तेव्हा बारावी झालेल्या शिकाऊ उमेदवाराचं विद्यावेतन महिना 8,000 रुपये ठरलं. वरच्या हिशेबात मी हाच आकडा घेतला होता. शिकाऊला सरकार जे देऊ करतं, तेवढ्यावर वर्षानुवर्षं खुर्चीशेजारी उभ्या राहणाऱ्या मुली मला माहीत आहेत. राज्यात अकुशल कामगाराचं किमान वेतन 2024 मध्येच 11,800 च्या आसपास गेलं होतं, आणि हे काम तर अकुशल मुळीच नाही.

पालकांनी फी भरण्याआधी संस्थेकडून मागच्या तुकडीतल्या चार-पाच मुलींशी भेट मागावी आणि त्यांचा पगार त्यांच्याच तोंडून ऐकावा. भेट घालून द्यायला संस्था टाळाटाळ करत असेल, तर पैसे भरू नयेत. प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत प्रशिक्षणाची फी सरकार भरतं. तिथे जवळपास जागा आहे का, हे आधी विचारावं. आणि इंदूरच्या दंतवैद्यांना, विशेषतः आपल्या मराठी डॉक्टरांना, माझी कळकळीची विनंती आहे. नवी मुलगी घ्याल तेव्हा शिकण्याचे पहिले तीन महिनेही पूर्ण पगार द्या, काय शिकवलं ते सहीनिशी लिहून द्या, आणि हेपॅटायटिस बी लशीचा पहिला डोस ती खुर्चीजवळ उभी राहण्याआधी तुमच्या खर्चाने तिला द्या.