आंबट द्राक्षे आणि रक्ताचा रिपोर्ट



आपल्या सांगली-साताऱ्याकडे एखादा कर्ता माणूस चाळिशीतच हृदयविकाराने गेला, की दफनाला आलेली माणसे दारातच कारण सांगून मोकळी होतात. मटणाचा नाद होता, जिभेवर ताबा नव्हता. आत बसलेल्या त्याच्या पत्नीच्या कानावर ते पडतेच. गेलेला माणूस सडपातळ, शेतात राबणारा असला तर मात्र 'देवाची मर्जी' म्हणून विषय संपतो. ही दोन्ही उत्तरे आम्हांला घाईची वाटतात.

यहेज्केल संदेष्ट्याच्या अठराव्या अध्यायात एका जुन्या म्हणीचा उल्लेख आहे. आंबट द्राक्षे खाणारा बाप आणि दात आंबलेली मुले, अशा अर्थाची ती म्हण. तासगावच्या बागांत वावरणाऱ्या आपल्या माणसांना ती समजावून सांगायला नको. ही म्हण यापुढे वापरू नका, असे परमेश्वराने इस्राएलाला बजावले. बापाच्या पापाचा दोष मुलावर नाही. पण आजचे वैद्यकशास्त्र तर सांगते की मुलांचे दात खरोखरच आंबतात. मग संदेष्ट्याचे म्हणणे खोटे ठरले काय?

आधी शास्त्र काय म्हणते ते पाहू. रक्तातले कोलेस्टेरॉल केवळ ताटातून येत नाही. शरीर, विशेषतः यकृत, ते स्वतः तयार करते. त्यातले घातक एलडीएल रक्तातून उचलून घेण्याची सोय यकृताच्या पेशींवर असते. ती कशी चालते हे शोधणाऱ्या ब्राऊन आणि गोल्डस्टीन या अमेरिकन डॉक्टरांना 1985 साली नोबेल पारितोषिक मिळाले. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून सदोष जनुक आले तर ही सोय अपुरी पडते आणि जन्मापासूनच कोलेस्टेरॉल साठत जाते. जगात सुमारे 250 ते 300 माणसांमागे एकाला हा दोष असतो आणि त्याच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. असा माणूस शाकाहारी असला, प्रायश्चित्तकाळाचे सगळे उपवास पाळणारा असला, तरी केवळ पथ्याने त्याचा आकडा पुरेसा खाली येत नाही.

बहुतेकांचे दुखणे मात्र इतके सरळ नसते. पोटाचा घेर, रक्तदाब, साखर, वाढलेले ट्रायग्लिसराइड, कमी झालेले चांगले कोलेस्टेरॉल, यांतल्या तीन गोष्टी एकत्र आल्या की डॉक्टर मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. त्यात एकच जनुक नसते. अनेक जनुके थोडा थोडा भार घालतात. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गर्भवती मातांचा अभ्यास केला. तिथली बाळे जन्मतः सुमारे 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा पाऊण किलोहून अधिक हलकी. हातपाय काटकुळे, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून. वरून बारीक, आतून चरबीचे! म्हणजे आईच्या ताटात काय होते आणि काय नव्हते, हेही लेकराच्या अंगात उतरते. माण-खटाव आणि जत-आटपाडीच्या दुष्काळी गावांतून आलेल्या आपल्या घरांनी याचा विचार करावा. त्या आयांना दोष कोण देणार?

इथे दोष आणि जबाबदारी या दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. यहेज्केल दोषाबद्दल बोलतो, आणि त्याचे म्हणणे खरेच आहे. मिळालेल्या रक्ताबद्दल कोणीही देवापुढे अपराधी नाही. जन्मांध माणसाला पाहून पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे, असे शिष्यांनी विचारले तेव्हा प्रभू येशूने दोन्ही पर्याय नाकारले. खादाडपणा हे पाप आहेच. पण संत थॉमस अक्वायनस सांगतात की ते अन्नात नसून अनावर झालेल्या वासनेत असते. (स्वतः संत थॉमस अंगाने चांगलेच स्थूल होते, अशी परंपरा आहे.) तेव्हा लॅबच्या कागदावरून कोणाचे पाप मोजू नये. पुण्यही मोजू नये. रोज भजी खाऊन ज्याचा रिपोर्ट नॉर्मल येतो, त्याने काही मोठा संयम पाळलेला नसतो.

जबाबदारी मात्र रिपोर्ट हातात आल्यावर सुरू होते, आणि ती एकट्याची नसते. ज्याला हा आनुवंशिक दोष निघाला त्याच्या सख्ख्या भावा-बहिणींनाही तो असण्याची शक्यता बहुधा निम्मी असते. साध्या रक्ततपासणीने कोलेस्टेरॉल कळते, लहान मुलांचेही तपासता येते, आणि उपयोगी पडणारी औषधे आहेत. तरीही कित्येक घरांत रिपोर्ट कपाटात राहतो. मुलीचे लग्न व्हायचे आहे, लोक काय म्हणतील! ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. स्थळे मोडतात. पण थोरल्याचा रिपोर्ट न कळल्यामुळे धाकटा तपासणीविना राहिला, तर त्याची किंमत धाकट्याची बायको-मुले भरतात. आजार स्वतःचा म्हणून तो जगापासून झाकण्याचा हक्क माणसाला आहे; सख्ख्या भावापासून झाकण्याचा हक्क मात्र आम्हांला कुठे सापडत नाही. सोयरिकीच्या बोलण्यात तो केव्हा आणि किती सांगावा, हे अधिक अवघड आहे, आणि त्याला सगळ्यांना लागू पडेल असे एक उत्तर नाही. ज्या घरांपुढे हा प्रश्न आहे त्यांनी मिस्सानंतर आम्हांला भेटावे. डॉक्टरांनाही बोलावून घेऊ आणि शांतपणे बसून बोलू.