पीठ का सुटतं

मुखेड

चि. बाळास,

अमृतसरी मासा तळताना बेसन सुटून तेलात पसरतं, असं तू फोनवर म्हणालास. तेव्हाच सांगणार होते, पण तू 'हो हो' म्हणून फोन ठेवतोस (रागावत नाही रे, तुझ्या बापाचंही तस्संच होतं), म्हणून सावकाश लिहून पाठवते.

हा पदार्थ काही मुखेडचा नाही. आपल्याकडे मासा म्हणजे काळं तिखट घातलेलं कालवण आणि ज्वारीची भाकरी. पण नांदेडला राहत होतो तेव्हा शेजारी एक शीख घर होतं, कैक पिढ्या तिथलंच, मराठी आपल्याइतकंच अस्सल. त्या घरच्या चाचींकडून मी हे शिकले. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली नांदेडात देह ठेवला, पुढे महाराजा रणजितसिंहांनी तिथे गुरुद्वारा बांधवला, आणि त्यापायी आलेली कितीतरी माणसं गोदाकाठचीच होऊन गेली. लंगरात मात्र मासा नसतो हं, तिथे डाळ-रोटी. मासा आपापल्या घरी. अमृतसरकडे शिंगाडा नावाचा मासा किंवा सोल घेतात. सोल म्हणजे आपल्या मरळीचीच जात, म्हणून चाची मरळ घ्यायच्या. काटे कमी, आणि मांस घट्ट असल्यानं तळताना तुटत नाही.

तू रविवारी उशिरा उठतोस ना? त्या दिवशी तेवढा उजाडताच बाजारात जा. कल्ला उचलून बघ, लालभडक असला तरच घे. तुकडे धुऊन मीठ, लिंबू, आलं-लसूण आणि तिखट चोळ आणि वीसेक मिनिटं तसेच राहू दे. मिठानं माशातलं पाणी बाहेर येतं. ते निथळून टाकायचं, तुकडे कोरड्या फडक्यानं टिपायचे, वर चिमूटभर कोरडं बेसन भुरभुरायचं. तू हे सगळं गाळतोस, आणि ओल्या माशावरून पीठ घसरतं, दुसरं काही नाही. मग बेसनात थोडी तांदळाची पिठी, तिखट, हळद आणि तळहातावर चोळलेला ओवा; ओव्यात हात आखडू नकोस, सगळा वास त्याचाच. पाणी बेताचं. भज्याच्या पिठाहून जरा घट्टच असू दे.

चाची मोहरीचं तेल घ्यायच्या, धूर येईतो तापवून मग जरा निववायच्या. मी आपलं करडईचं वापरते. तुकडे आधी मध्यम आचेवर, रंग येण्याआधीच काढायचे, निवू द्यायचे, आणि जेवायला बसताना कडक तेलात पुन्हा एकदा. पहिल्यांदा मासा शिजतो, दुसऱ्यांदा पीठ कुरकुरीत होतं. एकदम सगळे टाकलेस की तेल थंड पडतं आणि पीठ ते पिऊन घेतं. दोन-दोनच सोड, भूक कितीही लागो. चाट मसाला तळल्यावर. सोबत पुदिन्याची चटणी, मुळा, कांदा.

डोकं टाकून देशील तर बघ. त्याचं संध्याकाळी कालवण कर, दोन रुपये वाचतात आणि चवही त्यातच असते. उरलेलं तेल गाळून ठेव, पण फोडणीला दोन दिवसांतच संपव, वास धरतं. मित्रांना बोलावणार असशील तर बेसन इथूनच पाठवते, गिरणीतून ताजं दळून. किती जण आहात तेवढं कळव.

तुझी
आजी