निधनवार्तेत न मावलेली बाई

अलिबाग-पेण पट्ट्यातल्या कुठल्याही स्थानिक दैनिकाचे आतले पान उघडावे, चार-दोन निधनवार्ता हमखास सापडतात. त्यांतली एखादी शेतकरी घरातल्या आजीची असते. मजकूर ठरलेला: अल्पशा आजाराने निधन, स्वभाव प्रेमळ, कष्टाळू व मनमिळाऊ, अंत्ययात्रेला विविध क्षेत्रांतील मान्यवर उपस्थित, पश्चात मुलगे, सुना, मुली, जावई, नातवंडे असा मोठा परिवार, दशक्रिया श्रीक्षेत्र उद्धर येथे, उत्तरकार्य राहत्या घरी. मुलगा सरपंच किंवा मुख्याध्यापक असला तर मथळा ‘अमुक यांना मातृशोक’ असा येतो, आणि मग बाईचे नाव कळायला तिसऱ्या ओळीपर्यंत जावे लागते.

यात खोटे काहीच नसते. घरच्यांचे दुःख खरे, माया खरी. पण सुतार गेला तर त्याने उभी केलेली घरे लोक बोटाने दाखवतात, भजनीबुवा गेला तर त्याच्या चाली आठवतात. साठ पावसाळे शेतात उभ्या राहिलेल्या बाईबद्दल मात्र तिच्या स्वभावाखेरीज सांगण्यासारखे काही सापडू नये, हे विचित्र आहे. जणू ती काही करत नव्हती, फक्त चांगली होती.

ती काय करत होती, हे रायगडच्या किनारपट्टीत राहणाऱ्याला खरे तर सांगावे लागू नये. उन्हाळ्यात राबासाठी शेण आणि पातेरा डोक्यावरून वाहून न्यायचा. पाऊस लागला की आवण खणून मुठी बांधायच्या आणि ढोपरभर चिखलात वाकून लावणी करायची. नांगर पुरुषाने धरायचा आणि लावणी बायकांनी करायची, ही वाटणी इतकी जुनी आहे की तिची कोणी चर्चाही करत नाही. मग बेणणी, कापणी, झोडणी. भात घरात आले की जमिनीतल्या उरल्या ओलीवर वाल, आणि कार्ले, खंडाळे, नेहुली, सागाव, वाडगाव या भागात पांढरा कांदा. या सगळ्याच्या आधी पहाटे तांदळाच्या भाकऱ्या आणि नंतर रात्री बिरड्यासाठी भिजवलेले वाल सोलत बसणे, हे तर कामात धरायचेच नाही अशी पद्धत.

त्या कांद्याची वेणी घालताना एकदा जवळून पाहावे. उपटलेला कांदा पातीसकट वाळवायचा, पण किती, ते हाताला कळावे लागते. पात कोवळी राहिली तर वेणीत कुजते, जास्त सुकली तर पिळताना तुटते. बाई मांडी घालून बसते, सारख्या आकाराचे कांदे वेगळे काढते, तीन पाती एकमेकींत अडकवते, दर पेडाला नवा कांदा घेते आणि बोलता बोलता वेणी हातभर लांब होते. मोठे खाली, लहान वर. पेण-अलिबाग रस्त्यावर टांगलेल्या माळा गिऱ्हाईक लांबून ओळखते ते या बांधणीवरून. मग त्याच बाईशी दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस होते.

या कांद्याला अलीकडे भौगोलिक मानांकन मिळाले. त्यासाठी जुना पुरावा लागतो, आणि तो १८८३ च्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये मिळाला. तिथे अलिबागच्या पांढऱ्या कांद्याचा उल्लेख आहे. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी सरकारी दप्तरात कांद्याची नोंद झाली. तो निवडणारीची, वाळवणारीची, पुढच्या साली बियाण्याला कोणता ठेवायचा हे ठरवणारीची नोंद करण्याची गरज कोणाला वाटली नाही.

हे फक्त इंग्रजांच्या दप्तराचे नाही. या किनाऱ्याला ज्याचा सार्थ अभिमान आहे तो चरीचा संप घ्या. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरीच्या सभेत खोतांच्या जमिनी कसायच्या नाहीत असे ठरले. पंचवीस गावांची कुळे त्यात उतरली, आणि संप १९३९ पर्यंत चालला. नारायण नागू पाटलांचे नेतृत्व, डिसेंबर १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची उपस्थिती, १९३७ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात मांडलेले खोती नष्ट करण्याचे विधेयक, हे सगळे नीट लिहिलेले आहे. पण भाताच्या मुलखात सहा वर्षे भात पिकवायचे नाही, याचा अर्थ काय होतो? दुपारी मुले जेवायला येतात. सभेत हात वर करून संप सुरू करता येतो, पण तो सहा वर्षे टिकतो चुलीपाशी. त्या बायकांतल्या किती जणींची नावे आज कोणी सांगू शकेल? त्या नवऱ्यामागे निमूट गेल्या, असे समजणे सोपे आहे. ठरवून तग धरला असे म्हणायला मात्र आपली जीभ अडते.

पुढे कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणारा मालक ठरू लागला. कसणारा म्हणून कागदावर चढला तो घरातला कर्ता पुरुष. कोकणातले जुने सातबारे पाहिले तर नावाआधी ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरे दिसतात, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. ज्याची लावणी तो करत नव्हता त्या शेताचाही तोच मॅनेजर. जनगणनेचीही तीच तऱ्हा. घरच्या शेतावरचे बिनपगारी कामही काम म्हणून धरावे, असे प्रश्नातच स्पष्ट लिहायला १९९१ साल उजाडावे लागले. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या दर शंभर वहिवाट खात्यांपैकी सुमारे चौदाच बायकांच्या नावावर होती.

याची किंमत स्मरणापुरती राहत नाही. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या २२ गावांत महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, जमीन देण्याबाबत लोकांचे मत घेतले गेले. देशात क्वचितच घडलेली गोष्ट, आणि तिचे कौतुक व्हायलाच हवे. सेझविरोधी मोर्चांत तर बायका पुढे होत्या. मत मात्र खातेदारांचे.

याच्या उलट एक उदाहरण खानदेशात आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या. त्याही शेतकरी बाई, त्याही विधवा, त्याही आई. त्यांच्या ओव्या सोपानदेव या मुलाने आणि त्याच्या मावसभावाने टिपून ठेवल्या होत्या, त्या आचार्य अत्र्यांच्या कानी गेल्या आणि १९५२ मध्ये पुस्तक निघाले. महाराष्ट्राला त्या आठवतात ते मनमिळाऊ होत्या म्हणून नव्हे. त्यांना काय दिसत होते आणि काय उमगले होते, त्यासाठी आठवतात. लिहिणारा मुलगा घरात निघाला हा योगायोग. प्रत्येक घरात कवयित्री नसेल, पण कोणत्या खाचरात खारे पाणी आधी चढते आणि कोणते वाण तरीही तग धरते, हे जाणणारी बाई खाडीकाठच्या बहुतेक घरांत होती. मुलगे नवी मुंबईत कंपनीत लागले, सुनांना शेत नको, आणि ते ज्ञान कोणी टिपून घेतले नाही.

‘तिने कधी काही मागितले नाही’ हे वाक्य दशक्रियेच्या प्रवचनात हमखास येते, आणि पोरांचे डोळे भरून येतात. ते ऐकताना एखाद्याने हळूच विचारावे की मागितले असते तर मिळाले असते का. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर हा प्रश्न उघड विचारला आणि लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला: नवऱ्याने हयातीतच बायकोच्या नावे जमीन करावी. हजारो शेतकऱ्यांनी तसे केलेही. १९९२ मध्ये शासनाने परिपत्रक काढून पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावण्याची वाट मोकळी केली.

अलिबागच्या किनाऱ्यावर सध्या जमिनीला आलेला भाव सगळ्यांना ठाऊक आहे. मांडव्याला रो-रो बोट लागल्यापासून मुंबईची गाडी थेट वाडीच्या तोंडाशी येते. इथे बाईचे नाव सातबाऱ्यावर चढते ते बहुतेक वेळा नवरा गेल्यावर, वारस म्हणून, आणि तिची सही घ्यायला माणसे घरी येतात ती जमीन विकायची ठरल्यावर. परिपत्रकाची वाट आजही आहे. फक्त अर्ज नवऱ्याने करायचा असतो.