ईस्टरच्या दुपारचा ग्लास



उपवासकाळात आपल्यातील बरेच पुरुष दारू सोडतात आणि ईस्टरच्या दुपारी पुन्हा ग्लास भरतात. ज्याचे लिव्हर बिघडले आहे, त्याचे व्रत मात्र चाळीस दिवसांचे नसून जन्माचे आहे. सिरोसिस झाल्यावर 'फक्त बिअर', 'लग्नापुरती थोडी' असे काही चालत नाही. संत पौलाने तिमथीला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला, हे काहींना बरे तोंडपाठ असते! तो सल्ला लिव्हरच्या रुग्णासाठी नव्हता.

पण रोज पिणाऱ्याने आपल्या मनाने एकदम बंद करू नये. भास होतात, फिट येते, जीवही जाऊ शकतो. किती पितो ते पापनिवेदनात सांगावे तसे डॉक्टरांना खरे सांगा. आणि भगिनींनो, चहातून चोरून गोळ्या देऊ नका. त्यातील काही लिव्हरलाच अपाय करतात.

डब्लिनचा मजूर मॅट टॅलबॉट याने १८८४ साली आधी तीन महिन्यांची शपथ घेतली, मग सहा, मग जन्माची. १९२५ साली मरेपर्यंत तो प्याला नाही.

ज्याला तीन महिनेही जड वाटतात, त्याने मिस्सानंतर मला भेटावे. डॉक्टरांकडे मी सोबत येईन.